गोळीबार सराव घेताना: पोलीस दलातील नव्या प्रशिक्षकांसाठी

नेमणूक पुणे शहरात असो, पिंपरी-चिंचवडला, पुणे ग्रामीणला किंवा राज्य राखीव पोलीस बलाच्या एखाद्या गटात असो, ज्याचा नेम चांगला आहे आणि शस्त्राचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झाला आहे अशा अंमलदाराकडे एके दिवशी गोळीबार सराव घेण्याचे काम येते. त्याला स्वतःला शस्त्र उत्तम येत असते. पण अनेकांच्या हाती एकाच वेळी भरलेली शस्त्रे देऊन त्यांच्या मागे उभे राहणे ही वेगळी विद्या आहे आणि ती बहुधा कोणी बसवून शिकवत नाही. हा लेख अशा नव्या प्रशिक्षकासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. बहुतेक पोलिसांवर संपूर्ण सेवेत माणसावर गोळी झाडण्याची वेळ येत नाही. मात्र शस्त्रागारातून शस्त्र घेणे, ते भरणे, खाली (म्हणजे रिकामे) करणे, पाळी बदलताना दुसऱ्याच्या हाती देणे आणि गर्दीत ते सांभाळून वागवणे ही कामे त्यांना वर्षानुवर्षे करावी लागतात, आणि चुकून सुटलेली गोळी बहुतेक वेळा अशाच साध्या कामांत सुटते. लक्ष्यावर किती छिद्रे पडली एवढेच पाहणाऱ्या प्रशिक्षकाचे काम त्यामुळे अर्धे राहते. हाताला, बोटाला आणि निर्णयाला वळण लावणे हे या कामाचे मर्म आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच हेतूने सांगितली आहे.

आधी वर्ग आणि कायदा

मैदानावर जाण्यापूर्वी किमान एक तास वर्गात घ्यावा आणि तो कायद्यासाठी राखून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, तरी जुन्या अंमलदारांच्या तोंडी अजून भारतीय दंड विधानाचीच कलमे असतात. खासगी संरक्षणाच्या हक्काची जुनी कलमे ९६ ते १०६ आता न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांखाली आली आहेत. त्यांतील कलम ३७ या हक्काची मर्यादा सांगते: बचावासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही. शरीराच्या बचावासाठी समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क कोणत्या प्रसंगी जातो, ते कलम ३८ मध्ये आहे. अटकेविषयीचे नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४३ पोलिसाला आवश्यक ते सर्व उपाय वापरू देते, परंतु ज्याच्यावर देहदंडाच्या वा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा मृत्यू घडवण्याचा अधिकार ते देत नाही. बेकायदेशीर जमाव पांगवण्याची तरतूद कलम १४८ मध्ये आहे.

ही कलमे फळ्यावर उतरवून देणे पुरेसे नाही. प्रत्येक कलमासोबत एक प्रसंग ठेवावा आणि अंमलदारांना उत्तर द्यायला लावावे. साखळीचोर दुचाकीवरून पाठ फिरवून पळतो आहे, गोळी झाडता येईल का? कोयता घेतलेला तरुण पंचवीस पावलांवर उभा राहून शिवीगाळ करतो आहे, आणि तोच पुढच्या क्षणी पाच पावलांवर आला आहे. या दोन क्षणांत कायद्याच्या दृष्टीने काय बदलले? अशी चर्चा तासभर सहज रंगते. पुस्तकी व्याख्यानाने जे होत नाही ते तिने होते, कारण वर्गातल्या निम्म्या लोकांनी असे प्रसंग नोकरीत जवळून पाहिलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात चकमकीनंतरच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जखमीला वैद्यकीय मदत द्यायची, स्वतंत्र तपास होऊ द्यायचा, संबंधित अधिकाऱ्याने आपले शस्त्र न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करायचे, या गोष्टी सराव घेणाऱ्याला तोंडपाठ असाव्यात. गोळी सुटल्यावर प्रत्येक राऊंडचा, म्हणजे काडतुसाचा, हिशेब द्यावा लागतो, हे ज्याला पहिल्या दिवशी समजले त्याचे बोट ट्रिगरवर उगाच जात नाही.

मैदानाची पाहणी

सरावाच्या आदल्या दिवशी मैदान स्वतः चालून पाहावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. लक्ष्यामागचा मातीचा बांध, ज्याला आपण बट म्हणतो, तो सर्वांत आधी पाहावा. आपल्याकडे जमीन थोडी उकरली की काळा पाषाण लागतो. पावसाळ्यात बटची माती वाहून गेली की आतले दगड उघडे पडतात आणि दगडावर आपटलेली गोळी उसळून कुठेही जाऊ शकते. तोच धोका बटमध्ये वर्षानुवर्षे साचलेल्या जुन्या गोळ्यांचा असतो. म्हणून पाऊस संपल्यावर पहिला सराव घेण्याआधी बटची दर्शनी माती खणून चाळून घ्यावी, दगड आणि शिसे वेगळे करावे आणि नवी मऊ माती भरून उतार नीट करावा. हे श्रमाचे आणि धुळीचे काम आहे, पण ते टाळून घेतलेला सराव मला मान्य नाही.

दुसरी बाब म्हणजे मैदानाभोवतीची माणसे. पुणेकर पहाटे टेकडीवर फिरायला जातो, गुराखी जुन्या पायवाटेने येतात, आणि शहर वाढत वाढत एकेकाळी ओसाड असलेल्या मैदानांना येऊन भिडले आहे. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते आणि रायफलची त्याहून कितीतरी लांब जाते. लाल निशाण, चारही बाजूंचे पहारेकरी, जवळच्या पोलीस ठाण्याला आणि वस्तीला दिलेली पूर्वसूचना, हे सर्व झाल्याखेरीज पहिला राऊंड भरू देऊ नये. पहारेकऱ्याने धोक्याची खूण केली तर गोळीबार थांबवण्याचा हुकूम कोण देणार हे आधीच ठरवून ठेवावे. खरे तर तो हुकूम मैदानावरील कोणालाही देता आला पाहिजे. नव्याने भरती झालेल्या महिला अंमलदाराने “थांबा” असे ओरडले तरी वरिष्ठ निरीक्षकानेही बोट ट्रिगरवरून काढलेच पाहिजे, हे सकाळीच सर्वांसमोर सांगावे.

सकाळी लवकर सराव सुरू होतो आणि उन्हाळ्यात तेच योग्य असते, पण बट पूर्वेला असेल तर सूर्य थेट डोळ्यांत येतो. अशा मैदानावर पहिला तास कोऱ्या सरावाला, म्हणजे राऊंड न झाडता होणाऱ्या सरावाला, द्यावा. रुग्णवाहिका आणि प्रथमोपचाराची पेटी जागेवर असावी. रक्तस्राव थांबवणारा दाबपट्टा, म्हणजे टूर्निके, बांधता येणारी किमान दोन माणसे हजर असावीत. ससूनला किंवा सर्वांत जवळच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाला जाण्याचा मार्ग चालकाने त्या दिवशीची वाहतूक लक्षात घेऊन पाहिलेला असावा. पुण्यात सकाळी सात आणि सकाळी दहा या दोन वेळांत तोच रस्ता दोन वेगळ्या रस्त्यांसारखा वागतो.

दिवस आणि माणसे

बंदोबस्ताचे वेळापत्रक समोर ठेवूनच तारीख निवडावी. आषाढी वारीच्या पालख्या शहरात येतात तेव्हा, गणेशोत्सवात, तसेच १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाच्या बंदोबस्तात अंमलदार रात्र रात्र उभे असतात. अशा रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी त्यांना मैदानावर आणू नये. झोप न झालेल्या माणसाचे लक्ष नेमके शस्त्र खाली करताना ढळते. वरिष्ठांना ही अडचण लेखी कळवली की तारीख बहुधा बदलून मिळते.

गोळीबार करणाऱ्या चार जणांमागे एक साहाय्यक निर्देशक असावा असे माझे मत आहे, आणि नवखे असतील तर दोघांमागे एक. साहाय्यकाने लक्ष्याकडे पाहायचे नाही. त्याची नजर अंमलदाराच्या हातांवर आणि नळीच्या तोंडावर असली पाहिजे. हुकूम एकाच माणसाच्या आवाजात, मंजूर कवायतीच्या शब्दांत आणि दर वेळी त्याच क्रमाने दिले जावेत. आयत्या वेळी नवे शब्द वापरणारा प्रशिक्षक गोंधळ वाढवतो, आणि डिटेलमधल्या, म्हणजे एका वेळी झाडणाऱ्या रांगेतल्या, शेवटच्या माणसाला ऐकू न गेलेला हुकूम हा दिलेला हुकूम धरता येत नाही. कानांवर संरक्षक असल्याने आवाज कमी पोचतो, तेव्हा हाताची खूणही ठरवून ठेवावी. कानांचे संरक्षण मात्र ऐच्छिक ठेवू नये. गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, त्या पातळीला एका फैरीतही कानाला कायमची इजा होऊ शकते आणि ती औषधाने भरून येत नाही.

कोरा सराव

याच शहरात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत इन्सास रायफलची रचना झाली, तरी सामान्य अंमलदाराच्या वाट्याला सरावाचे राऊंड मोजूनच येतात. ही तक्रार करत बसण्यापेक्षा राऊंड न झाडता होणारा सराव मनापासून घ्यावा. माझ्या अनुभवात सुधारणा होते ती तिथेच, आणि नवे प्रशिक्षक सर्वांत जास्त टाळाटाळ करतात तीही तिथेच, कारण त्यात आवाज नाही आणि दाखवण्यासारखे काही नाही.

सुरुवात शस्त्र खाली करण्याने करावी, भरण्याने नव्हे. पिस्तुलाचा क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर चौकटीला लागून सरळ, आधी मॅगझिन (राऊंड भरायची पेटी) बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतला) राऊंड बाहेर, त्यानंतर चेंबर डोळ्यांनी पाहणे आणि करंगळीने चाचपणे. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर चेंबरमध्ये नवा राऊंड चढलेला असतो आणि हातातले शस्त्र खाली आहे अशी त्या माणसाची पक्की समजूत असते. या एका चुकीसाठी लागेल तितका वेळ द्यावा. प्रत्येकाने हा क्रम मोठ्याने बोलत, डमी, म्हणजे न फुटणारे नकली, राऊंड वापरून करावा, आणि शेजाऱ्याने तपासून “खाली आहे” म्हटल्यावरच शस्त्र ठेवावे.

प्रत्येक शस्त्राचा स्वभाव वेगळा असतो आणि तो न समजता दिलेली शिकवण धोक्याची ठरते. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेले नऊ मिलिमीटर ऑटो पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचे आहे. त्या मूळ घडणीत मॅगझिन काढले की ट्रिगर दाबूनही हॅमर, म्हणजे राऊंड फोडणारा मागचा घोडा, पडत नाही. वर्षानुवर्षे असे पिस्तूल वापरलेल्या अंमलदाराच्या मनात “मॅगझिन काढले म्हणजे शस्त्र निर्धोक” हे नकळत बसते. त्याच अंमलदाराच्या हाती उद्या ग्लॉक बनावटीचे पिस्तूल आले तर तिथे मॅगझिन नसतानाही चेंबरमधला राऊंड फुटतो, शिवाय ग्लॉक साफसफाईसाठी उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबर न तपासता ही दोन कामे एकापाठोपाठ एक झाली की अपघात ठरलेलाच. म्हणून शस्त्र बदलले की जुनी सवय मोडण्यासाठी स्वतंत्र सत्र ठेवावे आणि ही गोष्ट दोन्ही पिस्तुले शेजारी ठेवून, डमी राऊंडने, प्रत्यक्ष करून दाखवावी.

नऊ मिलिमीटर कार्बाइनचे, म्हणजे आखूड नळीच्या बंदुकीचे, गणित याच्या उलट आहे. पिस्तुलाची स्लाइड मागे अडकलेली दिसली की ते उघडे आणि रिकामे आहे असे आपण समजतो. कार्बाइन उघड्या बोल्टवर (राऊंड चेंबरमध्ये ढकलणाऱ्या आतल्या सरकत्या भागावर) चालते, म्हणजे बोल्ट मागे असतो तेव्हाच ती झाडायला तयार असते आणि भरलेले मॅगझिन लावलेले असताना बोल्ट पुढे सुटला की राऊंड फुटतो. इथेही मॅगझिन आधी काढणे आणि त्यानंतरच बोल्ट हाताने धरून हळूच पुढे नेणे, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत कोणालाही जिवंत राऊंड देऊ नये.

मग पकड, उभे राहण्याची पद्धत आणि ट्रिगर. पकडीविषयी एक सूचना विसरू नये: हाय-पॉवर घडणीच्या पिस्तुलात हात फार वर गेला तर हॅमर अंगठा आणि तर्जनीमधल्या चामडीला चावतो, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा राहिला तर स्लाइड त्याला कापते. लहान हातांच्या अंमलदारांना, विशेषतः अनेक महिला अंमलदारांना, जाड मुठीचे पिस्तूल नीट बसत नाही आणि स्लाइड ओढताना त्रास होतो. त्यांना ताकद कमी आहे असे सांगून मोकळे होऊ नये. स्लाइड घट्ट धरून पिस्तूल छातीजवळ आणावे आणि एका हाताने मागे, दुसऱ्या हाताने पुढे असा जोर लावावा, की बहुतेकींना ते जमते.

पहिला राऊंड

प्रत्यक्ष गोळीबाराला सुरुवात पाच मीटरवरून करावी आणि नवख्याच्या मॅगझिनमध्ये पहिल्या वेळी एकच राऊंड भरावा. धक्क्याने दचकून तो पिस्तूल हातात घेऊन मागे वळला, आणि नवखे असे वळतात, तरी त्यात दुसरा राऊंड नसतो. त्याला धक्क्याची ओळख झाली की दोन, मग पाच. अंतर सात, दहा आणि पंधरा मीटरपर्यंत हळूहळू वाढवावे. गोळ्या एका जागी जमू लागल्याशिवाय, म्हणजे ग्रुपिंग आल्याशिवाय, अंतर वाढवण्यात अर्थ नाही.

राऊंड फुटला नाही तर घाई करू देऊ नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबावे आणि मग राऊंड बाहेर काढावा, कारण उशिरा पेट घेणारा राऊंड हातात फुटू शकतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला आणि धक्का जाणवला नाही तर ते त्याहून गंभीर समजावे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. अशा वेळी त्या माणसाचा गोळीबार लगेच थांबवावा, शस्त्र खाली करून आर्मररकडे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे, द्यावे आणि नळी आरपार दिसल्याशिवाय ते परत घेऊ नये.

चूक कुठे आहे ते ओळखणे

लक्ष्यावरची छिद्रे हातांची चूक सांगतात. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या सतत खाली डावीकडे जात असतील तर तो बहुधा ट्रिगरला झटका देतो आहे किंवा आवाजाच्या भीतीने धक्क्याच्या आधीच मनगट खाली ढकलतो आहे. त्याला हे तोंडी सांगून पटत नाही. त्याच्या मॅगझिनमध्ये त्याला न दाखवता जिवंत राऊंडांत एखादा डमी राऊंड मिसळावा. डमीची पाळी आली की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि तरीही नळीचे टोक दोन बोटे खाली आपटते. ते त्याला स्वतःला दिसते, शेजारच्यालाही दिसते. हसू देऊ नये. त्यानंतर दहा मिनिटे कोरा सराव, मग पुन्हा तसाच मिश्र राऊंड. टोक स्थिर राहू लागले की छिद्रे आपोआप मधोमध सरकतात.

चाळिशी ओलांडलेल्या हवालदारांची अडचण बऱ्याचदा हातात नसून चष्म्यात असते. दोन भिंगांचा चष्मा असला की पुढचा साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, स्पष्ट दिसावा म्हणून माणूस हनुवटी वर उचलून भिंगाच्या खालच्या भागातून पाहतो, त्याची मान ताठते, खांदे मागे जातात आणि प्रत्येक राऊंडला नेम बदलतो. “साहेब, आता वय झालं, नाही जमत” असे तो म्हणतो आणि प्रशिक्षकही ते मान्य करून पुढच्याकडे वळतो. असे करू नये. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे. हात लांब केल्यावर पिस्तुलाचा पुढचा साइट जिथे येतो तेवढ्या अंतरासाठी एकाच भिंगाचा चष्मा करून मिळतो, आणि तो घातल्यावर त्याच हवालदाराच्या गोळ्यांचा पसारा निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे. वयाने मोठ्या अंमलदाराला चारचौघांत दुरुस्त करताना शब्द जपून वापरावेत. बाजूला घेऊन, “दादा, मान जरा सरळ ठेवून बघा” एवढे पुरते.

याच जागी एक भेद सांगायला हवा. बालेवाडीच्या क्रीडा संकुलातील नेमबाजीची परंपरा आपल्या अभिमानाची आहे. तिथे सराव केलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. श्वासावर ताबा, ट्रिगरवरचा संयम आणि मन एकाग्र करणे या गोष्टी पोलीस प्रशिक्षकाने खेळाडूंकडून जरूर शिकाव्यात. परंतु खेळाडूचे लक्ष्य जागचे हलत नाही, त्याच्या मागे गर्दी नसते आणि झाडायचे की नाही हा प्रश्न त्याला कधीच पडत नाही. पोलिसासाठी तोच पहिला प्रश्न असतो.

निर्णयाचा सराव

ग्रुपिंग आल्यावर दर सत्रात काही वेळ निर्णयासाठी ठेवावा. साध्या वर्तुळांऐवजी माणसांच्या चित्रांची लक्ष्ये वापरावीत: एकाच्या हातात पिस्तूल, एकाच्या हातात मोबाइल, एकीच्या कडेवर मूल, एकाच्या हातात कोयता पण पाठ वळलेली. लक्ष्य अचानक समोर यावे आणि अंमलदाराने आधी आवाज द्यावा, “पोलीस! हत्यार खाली टाक!” मग ठरवावे. न झाडणे योग्य होते तिथे न झाडल्याबद्दल त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत आणि ते गुण फलकावर लिहिले गेले पाहिजेत, नाहीतर सारे जण प्रत्येक लक्ष्यावर झाडत सुटतात.

पुढच्या टप्प्यात दोन माणसांचे प्रसंग घ्यावेत. इथे फक्त निळी प्लॅस्टिकची सरावाची शस्त्रे वापरावीत, आणि त्या खोलीत किंवा आवारात एकही जिवंत राऊंड येणार नाही अशी तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी झडती घ्यावी. प्रशिक्षकाची स्वतःचीही झडती व्हावी. प्रसंग पुण्यातल्या जागांचे असावेत: पेठेतल्या वाड्याचा अरुंद जिना, स्वारगेटचा गजबजलेला फलाट, विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रस्ता. विसर्जनाच्या गर्दीत खांद्यावर कार्बाइन असलेल्या अंमलदाराने नळी कुठे ठेवायची, कोणी पट्टा ओढला तर काय करायचे आणि समोर हत्यारी माणूस दिसला तरी त्याच्या मागे शेकडो चेहरे आहेत हे लक्षात घेऊन कोणती हालचाल करायची, याचा विचार त्याने आधी मैदानावर केलेला असेल तर त्या रात्री त्याला तो सुचतो. हवेत झाडलेली गोळीही कुठेतरी खाली येते, हे या सत्रात आवर्जून सांगावे.

प्रत्येक प्रसंगानंतर अंमलदाराला कागद द्यावा आणि स्टेशन डायरीत लिहायची तशी नोंद लिहायला लावावी: काय दिसले, काय बोललो, का झाडले किंवा का झाडले नाही, त्यानंतर जखमीसाठी काय केले. ज्यांना नीट लिहिता येत नाही त्यांना बहुतेक वेळा नीट दिसलेलेही नसते. या नोंदी वर्गात वाचून दाखवाव्यात, नाव न घेता.

परतीची मोजणी आणि अहवाल

शेवटचा राऊंड झाला की घाई सुरू होते. गाड्या उभ्या असतात, नाश्ता आलेला असतो. मोजणी मात्र पूर्ण करूनच सोडावे. दिलेले राऊंड, झाडलेले राऊंड, न फुटलेले राऊंड आणि गोळा केलेल्या पुंगळ्या, म्हणजे झाडून उरलेली रिकामी आवरणे, यांचा ताळा नोंदवहीत जुळला पाहिजे. प्रत्येकाने खिसे आणि पाउच उलटे करून दाखवावेत आणि आपल्याजवळ काही शिल्लक नाही असे मोठ्याने सांगावे. एक पुंगळी कमी भरली तर सर्वांना थांबवून ती शोधावी. त्यानंतर हात आणि चेहरा साबणाने धुतल्यावरच चहा, कारण शिशाची धूळ हातावरून पोटात जाते. शस्त्रे त्याच दिवशी साफ करून तेल लावून जमा करावीत. पावसाळी हवेत नळी गंजायला एक रात्रही पुरते.

अहवालात टक्केवारी सगळेच लिहितात. त्यासोबत प्रत्येक अंमलदारासमोर हाताळणीविषयी एक स्वतंत्र ओळ लिहावी: शस्त्र खाली करण्याचा क्रम बरोबर होता का, बोट ट्रिगरबाहेर राहिले का, नळी कधी दुसऱ्याकडे वळली का. नेम चुकणाऱ्याला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावता येते. हाताळणीत वारंवार चुकणाऱ्याचा नेम कितीही चांगला असला, तरी फेरप्रशिक्षण होईपर्यंत त्याला शस्त्र देऊ नये अशी शिफारस घटकप्रमुखांना लेखी करावी आणि तिची प्रत शस्त्रागारात द्यावी. तो अंमलदार नाराज होईल, कदाचित त्याचे वरिष्ठही फोन करतील. त्यांना आदराने मैदानावरील नोंद दाखवावी, फेरप्रशिक्षणाची तारीख त्याच दिवशी ठरवून द्यावी आणि त्या दिवशी त्याच्यामागे स्वतः उभे राहावे.